तेल दिसतें एकीकडे, गळतें दुसरीकडे

कौलारू घरांत ज्यांनीं एक तरी पावसाळा काढला आहे, त्यांस एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. माजघरांत ज्या जागीं पाणी ठिबकतें, त्या जागेच्या नेमकें वरचें कौल फुटलेलें असतेंच असें नाहीं. पाणी फुटक्या कौलांतून शिरतें, रिपेवरून वाशावर येतें, वाशाच्या अंगानें चार-सहा हात खालीं घसरतें, आणि जेथें वाशाला गांठ अथवा खांच लागते तेथें थेंबाथेंबानें सुटूं लागतें. शाकारणीचा जाणता माणूस म्हणूनच थेंबाखालीं घमेलें ठेवून स्वस्थ बसत नाहीं. तो वर चढतो आणि ओल्या वाशाचा माग घेत आढ्याकडे जातो. अजाण माणूस मात्र थेंबाच्या माथ्यावरचीं चार धड कौलें बदलतो आणि पुढच्या सरीला पुन्हां घमेलें शोधूं लागतो.

आमच्या एका जुन्या वाचकांनीं या महिन्यांत जो प्रश्न विचारला आहे, त्याचें निम्मेंअधिक उत्तर वरील चार ओळींत आलें आहे. त्यांचे दोन पुतणे, एक सख्ख्या भावाचा व एक चुलत भावाचा, अमेरिकेंत मिसूरी संस्थानांतील सेंट लुई शहरीं नोकरीस आहेत. दोघांनीं मिळून गेल्या वर्षीं एक वापरलेली वेगवान मोटारनाव विकत घेतली. नाव २२ फूट लांबीची, एंजिन ५·७ लिटरांचें, आणि तिचा मुक्काम ओझार्क सरोवरावर. घेतेवेळीं एंजिन आरशासारखें चकचकीत होतें; परंतु चार फेऱ्या झाल्या नाहींत तोंच नावेच्या तळाशीं काळें तेल सांचूं लागलें. तेथील एका कारागिरानें वरून दिवा टाकून पाहिलें आणि निर्णय दिला कीं, क्रँकशाफ्टच्या मागचें सील गेलें आहे, एंजिन बाहेर काढावें लागेल. आतां थोरला म्हणतो, सांगेल तो खर्च करूं. धाकटा म्हणतो, एंजिन धुऊन-पुसून आपणही कोणास विकून टाकूं, आपल्याला जसें मिळालें तसें दुसऱ्यास देऊं. गेले दोन महिने दोघे भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत. “कारागिराचें म्हणणें खरें मानावें काय, आणि मुलांस काय सांगावें?” असें आमच्या वाचकांनीं पुसलें आहे.

कुटुंबाच्या मासिकांत एंजिनाच्या तेलाचा खल कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या वस्तूपायीं दोन भावांचें बोलणें खुंटतें, ती वस्तु यंत्र असो कीं बांधावरचें आंब्याचें झाड असो, कुटुंबाचाच विषय होय. शिवाय दोष दिसतो कोठें आणि उपजतो कोठें, हें शोधून काढण्याची रीत एकदां समजली, म्हणजे ती नावेपुरती राहत नाहीं.

प्रथम या नावेची घडण पाहूं. अशा वेगवान नावांचा तळ सपाट नसतो. पुढल्या टोंकापासून मागल्या फळीपर्यंत तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल असतो, म्हणून लाटांवर आपटण्याऐवजीं तो त्यांस चिरीत जातो. अमेरिकेंतील रेमंड हंट या आराखडाकारानें ही घडण पुढें आणली, आणि १९६० साली मायामी ते नॅसॉ या खवळलेल्या समुद्रावरील शर्यतींत रिचर्ड बर्ट्रम यांची ‘मॉपी’ ही नाव पहिली आल्यावर तिचा बोलबाला झाला. त्याच सुमारास एंजिनाची बसण्याची जागाही बदलली. पूर्वीं एंजिन नावेच्या मध्यावर असे व लांब दांड्यानें मागचा पंखा फिरवी. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीनें जिम विन यांच्या कल्पनेवरून तयार केलेली ‘ॲक्वामॅटिक’ जुळणी बाजारांत आणली. तींत एंजिन नावेच्या अगदीं शेवटीं, मागल्या फळीला लागून बसतें, आणि फळीच्या बाहेर लोंबणारा वळता पाय पंखा व सुकाणू या दोहोंचें काम करतो. आमच्या वाचकांच्या पुतण्यांची नाव याच जातीची आहे.

आणि एंजिन? तें मुळांत पाण्याचें नव्हेच. शेव्हरोले कंपनीनें १९५५ साली मोटारगाड्यांसाठीं आठ नळकांड्यांचें जें लहान एंजिन काढलें, त्याचाच ३५० घन इंचांचा, म्हणजे ५·७ लिटरांचा अवतार १९६७ पासून निघूं लागला, आणि पुढें कित्येक दशकें नावांच्या बांधणीदारांनीं तोच घेऊन पाण्यावर चालण्याजोगा करून बसविला. गाडींतून नावेंत आल्यानें त्याच्या स्वभावांत फरक पडला नाहीं. परंतु त्याच्या परिस्थितींत दोन मोठे फरक पडले, आणि गळतीच्या प्रश्नांत तेच महत्त्वाचे आहेत.

पहिला फरक असा कीं, गाडीच्या एंजिनाखालीं मोकळी हवा असते. गळलेलें तेल रस्त्यावर पडतें आणि जेथें पडलें तेथेंच डाग राहतो. नावेंत एंजिनाखालीं नावेचाच तळ असतो. तेथें थोडेंबहुत पाणी नेहमींच असतें; तेल त्यावर तरंगतें, आणि नाव हलेल तसें पुढेंमागें फिरून सगळ्यांत खोल जागीं, म्हणजे बहुधा मागल्या फळीशीं, येऊन ठेपतें. त्या तवंगावरून गळतीची जागा ठरविणें म्हणजे नदींत वाहून आलेल्या ओंडक्यावरून झाडाचें गांव ठरविण्यासारखें आहे. दुसरा फरक असा कीं, वेग देतांच नावेचें पुढचें टोंक उचलतें व एंजिन मागें कलतें. अशा वेळीं एंजिनाच्या माथ्यावर कोठेंही पाझरलेलें तेल पाठीवरून ओघळत मागें आणि खालीं जातें, आणि शेवटीं गतिचक्राच्या घराच्या तळाशीं ठिबकतें. क्रँकशाफ्टचें मागचें सील नेमकें तेथेंच असतें. यामुळें वरच्या प्रत्येकाचा अपराध त्या बिचाऱ्याच्या माथीं येतो. तें सील निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें जुनें होतें, कडक होतें, गळतेंही. परंतु केवळ त्याच्या दाराशीं तेल सांपडलें एवढ्यावरून त्यास शिक्षा देणें न्यायाचें नव्हे.

मग वरचे संशयित कोण कोण, त्यांची यादी करूं. नळकांड्यांच्या दोन्ही ओळींवर झडपांचीं झांकणें असतात. त्यांखालचीं गॅस्केटें उष्णतेनें आक्रसतात आणि मागल्या कोपऱ्यांतून तेल झिरपूं लागतें. दोन ओळींच्या मधल्या खोलगट जागेवर हवा-इंधन वांटणारा मोठा सांचा बसतो. त्याची मागची कड रबराच्या अथवा कॉर्कच्या पट्टीनें किंवा सिलिकोनच्या लेपानें बंद केलेली असते. ही कड या एंजिनांतील गळतीची फार जुनी व ठरलेली वाट आहे. तिच्या पाठीशींच ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्यूटर उभा असतो व त्याच्या बुडाशीं एक लहान गॅस्केट असतें. त्याच्या शेजारीं तेलाचा दाब मोजणारें लहानसें यंत्र पेंचानें बसविलेलें असतें. तें आंतून फुटलें म्हणजे दाबाचें तेल थेट बाहेर येतें. पुष्कळ नावांत तेलाची गाळणी सोयीसाठीं दूर बसविलेली असते. तिच्या दोन रबरी नळ्या व त्यांचे सांधे हेही संशयितच. खालच्या अंगास तेलाच्या तबकाचें गॅस्केट, तेल काढण्याच्या नळीचा सांधा आणि प्रत्यक्ष तबक. तळांत वर्षानुवर्षें पाणी सांचत राहिलें तर पत्र्याचें तबक बाहेरून गंजतें व त्यास सुईच्या अग्राएवढीं भोंकें पडतात.

सीलाच्या जवळचे शेजारीही विसरतां कामा नयेत. या लहान एंजिनांत १९८६ पासून मागचें सील दोन तुकड्यांचें न राहतां अखंड कडें झालें आणि तें एका वेगळ्या घरांत बसूं लागलें. त्या घराच्या व एंजिनाच्या मध्यें स्वतंत्र गॅस्केट असतें. सील शाबूत असून तें गॅस्केट गळतें असें घडतें. शिवाय गतिचक्राच्या आड कॅमशाफ्टच्या टोंकावरची बुचासारखी तबकडी व तेलाच्या मार्गांचीं बुचें असतात. यांतील कोणतेंही सुटलें तरी बाहेरून दिसणारें चित्र एकच. म्हणून एंजिन काढण्याची वेळ खरोखरच आली, तर केवळ सील बदलून भागत नाहीं. मागची सगळी भिंत तपासून घ्यावी लागते.

आतां शोधाची रीत. ती पांच पायऱ्यांची आहे, आणि प्रत्येक पायरीस पैशापेक्षां धीर अधिक लागतो.

पहिली पायरी, द्रव ओळखणें. तळांत सांचलें तें एंजिनाचेंच तेल कशावरून? सुकाणू हलकें करणाऱ्या पंपाचें तेल पुष्कळदां लालसर असतें. मागचा पाय वरखालीं करणाऱ्या पंपाची टांकी एंजिनाच्या बाजूलाच असते. बाहेरच्या पायांतील दंतचक्रांचें तेल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो, आणि त्याची लहान बाटलीही कित्येक नावांत एंजिनाशेजारीं बसविलेली असते. एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा, रंग पाहावा, हुंगावा, आणि या प्रत्येक टांकीची पातळी लिहून ठेवावी. आठ दिवसांनीं ज्याची पातळी उतरली तो चोर. एवढ्या साध्या तपासानें कित्येक वेळां एंजिन पूर्णपणें सुटतें.

दुसरी पायरी, माप. एंजिनांतील सगळें तेल सुमारें पांच लिटर. मापपट्टीवरील वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर सुमारें एक लिटराचें. मापन नेहमीं एकाच स्थितींत करावें. नाव पाण्यांत असतां एक पातळी व गाड्यावर कललेली असतां दुसरी दिसते, आणि या घोंटाळ्यांत लोक तेल वाजवीपेक्षां अधिक भरतात. मग फिरता क्रँकशाफ्ट त्याचा फेंस करतो व नसलेली गळती उत्पन्न होते. किती तास एंजिन चाललें आणि किती तेल उतरलें, याची वहीं नोंद ठेवावी. पांच तासांत चार चमचे उतरणें आणि अर्ध्या तासांत अर्धा लिटर उतरणें हे दोन निरनिराळे रोग आहेत.

तिसरी पायरी, स्वच्छता. नाव गाड्यावर घेऊन तळ पूर्णपणें कोरडा करावा. एंजिनावरचें जुनें तेल मेण-काजळी निघेपर्यंत काढावें. पाण्याचा जोरदार फवारा मात्र विजेच्या जोडण्यांवर मारूं नये. मग एंजिनाखालीं तेल शोषणारीं पांढरीं कापडें चौकोनांत कापून अंथरावीं, आणि प्रत्येकावर अंक घालावा: पुढें डावीकडे एक, पुढें उजवीकडे दोन, याप्रमाणें. हा नकाशाच होय. काळें काळ्यावर दिसत नाहीं. पांढऱ्यावर पहिला थेंबही लपत नाहीं.

चौथी पायरी, केव्हां गळतें तें पाहणें. प्रथम एंजिन न चालवितां नाव रात्रभर उभी ठेवावी. सकाळीं कापडावर डाग असेल, तर गळती तेलाच्या स्थिर पातळीच्या खालीं आहे: तबक, त्याचें गॅस्केट, तेल काढण्याची नळी. रात्र कोरडी गेली, तर एंजिन सुरू करून मंद चालीवर ठेवावें. आतां थोड्याच मिनिटांत पुष्कळ तेल आलें, तर संशय दाबाच्या बाजूचा: दाबमापक, गाळणी, तिच्या नळ्या, आंतलीं बुचें. चालत्या एंजिनांत तेलाचा दाब दर चौरस इंचास ३० ते ६० पौंडांच्या घरांत असतो. अशा जागेची गळती कांहीं मिनिटांत एंजिन कोरडें करूं शकते, म्हणून ती सांपडेपर्यंत नाव पाण्यावर नेऊंच नये. मंद चालीवर कांहींच आलें नाहीं आणि वेगानें फिरून आल्यावरच डाग पडला, तर संशय झडपांच्या झांकणांचा, सांच्याच्या मागल्या कडेचा, अथवा सीलाचा. कारण येथें दाब नसतो, तेल उडून व ओघळून बाहेर येतें.

पांचवी पायरी, माग काढणें. एंजिनाच्या तेलांत मिसळावयाचा एक रंग मिळतो. अतिनील दिव्याखालीं तो पिवळट-हिरवा चमकतो. तो घालून तासभर नाव चालवावी, आणि अंधार पडल्यावर दिवा व लहान आरसा घेऊन पाहावें. एंजिन व मागली फळी यांच्यामध्यें वीतभर जागा असली तरी आजकालच्या दूरध्वनीचा कॅमेरा अथवा दोरीसारख्या नळीवरचा लहान कॅमेरा तेथें पोंचतो. नियम एकच: चमकणाऱ्या रेषेचें सर्वांत वरचें टोंक शोधावें. खालचा डबका कितीही मोठा असला तरी त्याकडे पाहूं नये. रेषा डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशीं अथवा सांच्याच्या मागल्या कडेशीं संपत असेल, तर एंजिन जागेवर ठेवूनच काम होण्यासारखें आहे. वरची पाठ अगदीं कोरडी असून केवळ गतिचक्राच्या घराच्या तळाशीं, आंतून बाहेर येणारें तेल चमकत असेल, तरच कारागिराचें निदान खरें.

या सर्व पायऱ्यांत जिवाची काळजी पहिली. हीं एंजिनें पेट्रोलवर चालतात, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती नावेच्या तळांत घागरींतल्या पाण्यासारखी सांचून राहते. म्हणून एंजिन सुरू करण्यापूर्वीं निदान चार मिनिटें तळांतील वारापंखा चालवावा आणि स्वतः वांकून वास घ्यावा, अशी सूचना अमेरिकेंतील अशा नावांवर लिहिलेलीच असते. दिसायला सारखा म्हणून गाडीच्या दुकानांतला स्टार्टर अथवा डायनॅमो नावेंत कधींही बसवूं नये. नावेचे भाग ठिणगी बाहेर न पडेल अशा बेतानें केलेले असतात. गाड्यावर एंजिन चालवावयाचें तर नळाचें पाणी जोडल्यावांचून चालवूं नये. थंडाव्याच्या पंपाचें रबरी चक्र कोरडें फिरलें कीं थोडक्यांत जळतें. आणि झांकण उघडून चालत्या एंजिनावर वांकतांना लोंबते कपडे व मोकळे केस यांचें भान असावें. मुलांस तर त्या वेळीं जवळ फिरकूं देऊं नये.

आणखी दोन तपास असे आहेत कीं, ते केल्यावांचून कोणतेंही सील बदलणें व्यर्थ. एंजिनाच्या पोटांत, दट्ट्यांच्या कड्यांजवळून निसटलेला थोडासा वायु नेहमींच जमतो. त्यास बाहेर पडण्यासाठीं एक वाट ठेवलेली असते. ती नळी अथवा तिची झडप काजळीनें बुजली, तर पोटांतील दाब वाढतो आणि तो तेलास प्रत्येक फटींतून बाहेर ढकलतो. अशा वेळीं दोन रुपयांची वाट मोकळी न करतां दोनशें रुपयांचें सील घातलें, तर नवें सीलही गळणारच. वाट मोकळी असूनही तेल भरण्याचें झांकण काढतांच धुराचे लोट धापा टाकीत येत असतील, तर कडीं झिजलीं आहेत. नळकांड्यांची गळती-परीक्षा करून तें निश्चित करावें. मग प्रश्न सीलाचा राहत नाहीं, एंजिनाच्या आयुष्याचा होतो.

दुसरा तपास तेलाच्या रंगाचा. मापपट्टीवर दुधासारखें पांढुरकें तेल दिसलें आणि पातळी उतरण्याऐवजीं चढली, तर पाणी आंत शिरलें आहे. मिसूरींत हिंवाळ्यांत पाणी गोठतें, आणि गोठतांना तें फुगतें. मालकानें शरद् संपतांना एंजिनांतील पाणी काढलें नाहीं, तर बिडाचा ठोकळासुद्धां तडकतो. वापरलेल्या नावेंत ही भीति तेलगळतीहून कितीतरी मोठी. असें तेल आढळल्यास एंजिन सुरू करूंच नये.

कारागिराविषयीं आमचें मत कडक नाहीं. अपुऱ्या जागेंत दिवा टाकून पाहणाऱ्यास जें दिसलें तें त्यानें सांगितलें. परंतु या जातीच्या नावेंत तें सील बदलणें म्हणजे बाहेरचा पाय उतरविणें, एंजिन सांखळीनें उचलून बाहेर काढणें, गतिचक्र खोलणें, आणि परत बसवितांना एंजिन व पाय यांची सरळ रेषा पुन्हां जुळविणें. हा दिवसांचा खेळ आहे, आणि त्याचें मोल त्या दिवसांच्या मजुरींत आहे, कड्याच्या किमतींत नाहीं. म्हणून थोरल्यानें ‘सांगेल तो खर्च करूं’ म्हणण्यापूर्वीं कारागिरास एकच प्रश्न विचारावा: “वरची पाठ कोरडी असल्याचें आपण पाहिलें काय?” उत्तर होकारार्थी आलें आणि रंगाच्या तेलानें तें दाखविलें, तर खर्च अवश्य करावा, व एंजिन बाहेर आहे तोंवर मागची भिंत, बाहेरच्या पायाचें रबरी आवरण व धारवा हेंही पाहून घ्यावें. उत्तर गुळमुळीत आलें, तर घाई करूं नये.

धाकट्याच्या म्हणण्यास मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. पहिलें कारण कायद्याचें. अमेरिकेंत पाण्यावर तेलाचा तवंग उठेल अशा रीतीनें तेल सोडणें हा गुन्हा आहे. २६ फूट व त्याहून लांब नावांवर तशी पाटी लावणें सक्तीचें आहे, परंतु बंदी लहान नावांसही तितकीच लागू आहे. तळांतील पंप आपोआप सुरू होतो आणि मालकाच्या नकळत तें तेल सरोवरांत ओततो; म्हणून तेल शोषणारी पिशवी तळांत ठेवावी, आणि साबण घालून तवंग विरविण्याची युक्ति तर मुळींच करूं नये, कारण ती वेगळी मनाई आहे. नाव पाण्यांत असतां पंप बंद करणें हाही उपाय नव्हे; तो नाव बुडण्याचा मार्ग आहे. ओझार्क सरोवर ओसेज नदीवर बॅग्नेल धरण बांधून १९३१ साली निर्माण झालें. त्याचा कांठ वळणावळणानें सुमारें १,१५० मैल लांब आहे, आणि त्या कांठावर हजारों घरांच्या पायऱ्या पाण्यांत उतरतात. तेथें आपल्या नावेचा तवंग कोणाच्या पायरीस लागेल, हें कोणी सांगावें?

दुसरें कारण याहून जवळचें आहे. मुलांस नाव विकणाऱ्यानें एंजिन चकचकीत करून दिलें, तेव्हां त्यांस फसवणूक झाल्याचें वाईट वाटलें. जें आपल्याला वाईट वाटलें तेंच दुसऱ्यास द्यावयाचें, आणि तेंही हातांत ओला बोळा घेऊन, हें घरंदाज माणसाचें लक्षण नव्हे. शिवाय ज्या घरांत ती नाव जाईल, तेथेंही बायकामुलें तींत बसतील, आणि दाबाच्या नळीची गळती असेल तर एंजिन भर सरोवरांत बंद पडेल अथवा तापलेल्या धूरनळीवर तेल पडेल. नाव विकावयाचीच असेल तर जरूर विकावी. परंतु गळती कोठें आहे तें शोधून, कागदावर लिहून, किंमत तेवढी कमी करून विकावी. आणि ज्यांस जुनी नाव घ्यावयाची आहे, त्यांनीं हा धडा उलट्या बाजूनें वाचावा: फार स्वच्छ एंजिनापुढें अंमळ थांबावें, तें तासभर चालवून पाहावें, मग मापपट्टी व पांढरें कापड काढावें.

आमच्या वाचकांस आमची सूचना अशी कीं, त्यांनीं दोघां पुतण्यांस एकच काम वांटून द्यावें. थोरल्यानें वही ठेवावी: तास, पातळी, चौकोनाचा अंक. धाकट्यानें आरसा व दिवा घ्यावा, कारण अरुंद जागेंत शिरण्यास तोच बारीक असेल. कोण चूक हें ठरविण्याची गरज दोघांनाही उरणार नाहीं. तेलच तें सांगेल. आणि एका एंजिनावर दोघे वांकले असतां, पाना दे, दिवा धर, एवढें तरी बोलावेंच लागतें.

घरांतल्या भांडणांतही बहुधा असेंच होतें. जो सर्वांत खालीं, सर्वांच्या वाटेवर बसलेला असतो, त्याच्या दाराशीं सगळ्यांचें ओघळून येतें आणि तोच गळका ठरतो. त्यास उपटून टाकण्याचा खर्च मोठा. आणि तो करूनही ओघळ थांबत नाहीं. तेव्हां आधीं पुसावें, मग वाट पाहावी, आणि ओलाव्याचें वरचें टोंक सांपडेपर्यंत कोणास दोषी म्हणूं नये. पुतण्यांचा तपास लागल्यावर आमच्या वाचकांनीं पोंच द्यावी. कोणता अंक घातलेला चौकोन प्रथम काळा झाला, तें जाणण्याची आम्हांसही उत्सुकता आहे.